ओडीलचं पानझडीतलं सॅलड

ओडील गाबुरीच्या हातचं सॅलड खायचं तर ऑक्टोबरातच, असं फेल्प्स हॉलो गावात सगळे म्हणत. उन्हाळ्यातली कोवळी, पाणचट पानं तिच्या खिजगणतीतही नव्हती. "पानानं एकदा तरी हिव खाल्लं पाहिजे. त्याशिवाय त्याला चव येत नाही," असं तिचं म्हणणं. टेकडीवरचे मेपल लालभडक झाले आणि सकाळी गवत पांढरं दिसायला लागलं, की ती टोपली घेऊन परड्यात उतरायची. कुरळ्या पानांचा कडू लेट्यूस, जाड पालक, दारातल्या झाडांची सफरचंदं आणि पेअर. तळघरात फडक्यात गुंडाळून दोन वर्षं मुरवलेलं चीज, तेही घरच्याच जर्सी गाईंच्या दुधाचं. आणि वरून कोमट ड्रेसिंग. बिडाच्या तव्यात बेकनची चरबी सुटू द्यायची, त्यात कांदा परतायचा, मग वाटलेली मोहरी, मेपलचा पाक आणि घरी आंबवलेल्या सफरचंदांचा सिरका. चरबी कडकडीत तापलेली असली पाहिजे, सिरका पडताच चर्र झालं पाहिजे, आणि पानांवर ओतल्यावर पान नुसतं मऊ पडलं पाहिजे, शिजता कामा नये.

हे तिला शिकवलं सासूनं, फिलोमेननं. ओडील अठराव्या वर्षी लग्न होऊन हद्दीपलीकडच्या क्वेबेकमधून या घरात आली. नवरा रोझेर जंगलात झाडं तोडायच्या कामावर. पहिल्याच ऑक्टोबरात त्यानं तिच्या तोंडावर बुक्की मारली, कारण काय, तर चरबी करपली. फिलोमेननं ओल्या फडक्यानं सुनेचा फुटलेला ओठ पुसला आणि म्हणाली, "धूर सुटायच्या आत तवा उतरवायचा. ये, दाखवते." मार खाल्लेल्या पोरीला बाईनं तवा कधी उतरवायचा ते दाखवलं. मुलाला मात्र चकार शब्दानं विचारलं नाही. ओडीललाही तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. फिलोमेनचं स्वतःचं नाक डावीकडे वाकलेलं होतं आणि ते कशानं वाकलं हे गावात कुणी विचारत नसे.

रोझेरनं तिला बत्तीस वर्षं मारलं. रोज मारायचा असं नाही. कधी दोन दोन महिने घर शांत असायचं, आणि ती शांतता तिला माराहून जड जायची, कारण कान सतत त्याच्या बुटांच्या आवाजाकडे लागलेले असायचे. एकदा जानेवारीत त्यानं तिला अनवाणी बाहेर काढून दाराला कडी घातली. ती गोठ्यात जाऊन गाईच्या पोटाला चिकटून बसली. डाव्या पायाची दोन बोटं तेव्हा गेली. एकदा गळ्याजवळचं हाड मोडलं, तेव्हा ती हात झोळीत बांधून गावच्या पोलिसाकडे गेली होती. तो म्हणाला, "रोझेर वाईट माणूस नाही गं. घरी जा, काहीतरी चांगलंचुंगलं करून घाल त्याला." ती घरी आली आणि एका हातानं स्वयंपाकाला लागली. त्यानंतर तिनं कुणाकडे तक्रार नेली नाही.

अठ्ठ्याहत्तर साली गाडीतून ओंडके उतरवताना साखळी तुटली आणि रोझेर त्यांच्याखाली सापडला. छातीचा चुराडा झाला होता. ओडीलनं जाऊन त्याला ओळखलं, कागदावर सही केली, घरी आली, तीन अंडी तळली आणि पोटभर जेवली. मग भांडी घासताना तिला एकाएकी इतकं हसू आलं की तिनं स्वतःच्याच तोंडावर हात दाबला.

तिला एकच मुलगी, मिरेय. बापाच्या मरणाआधी वर्षभर तिनं ड्वाइट कॉर्लिसशी लग्न केलं होतं. ड्वाइट मेन राज्यातला, तोही लाकडाच्याच धंद्यातला, उंच, गोड बोलणारा. लग्नात त्यानं ओडीलला उचलून गरागरा फिरवलं होतं. पहिला हिवाळा सरायच्या आतच मिरेय बाह्या मनगटापर्यंत ओढून यायला लागली. ओडीलला कळायला वेळ लागला नाही. त्या विषयात तिच्याइतकं जाणकार पंचक्रोशीत कुणी नव्हतं. पण ती गप्प राहिली. आपण निभावलं, तीही निभावेल, असं स्वतःला सांगत राहिली. सात वर्षं सांगत राहिली.

चौऱ्याऐंशी सालच्या ऑक्टोबरात, एका रविवारी, सफरचंदं उतरवायला सगळे तिच्याकडे जमले. सगळे म्हणजे मिरेय, ड्वाइट आणि ओडीलचा थोरला भाऊ ल्युसियाँ. ल्युसियाँ सहासष्ट वर्षांचा, बिनलग्नाचा, कामासाठी क्वेबेकहून इकडेच आलेला, दोन मैलांवर एकटा राहायचा. एका कानानं बहिरा, पण जिभेला धार. सकाळभर फळं उतरवून झाल्यावर पुरुष बाहेर लाकडं फोडत बिअर पीत बसले, आणि मायलेकी स्वयंपाकघरात आल्या.

मिरेय पानं धुवायला लागली. उजव्या हाताच्या मधल्या बोटाला लाकडाची चपटी पट्टी बांधलेली होती.

"बोटाला काय झालं?" ओडीलनं पेअर चिरता चिरता विचारलं.

"दारात सापडलं."

"तुमच्या दाराला फार हात फुटलेत. मागच्या महिन्यात त्यानं तुझा कानही फोडला."

"ममां, आज नको."

"मग कधी? कुठल्या दिवशी रिकामी असतेस तेवढं सांग, मी त्या दिवशी विचारते."

मिरेय पानं झटकत राहिली. मग हळूच म्हणाली, "तू तरी कधी कुणाला सांगितलंस? मी जिन्यावर बसून सगळं ऐकायचे. दुसऱ्या दिवशी तू मला न्याहारी द्यायचीस आणि वर म्हणायचीस, पपा दमलेत, आवाज करू नकोस."

ओडीलनं सुरी खाली ठेवली. तिनं तवा शेगडीवर चढवला आणि बेकन टाकलं. चीज आणायला तळघरात गेली, तेव्हा पायरीवर क्षणभर टेकली. पोर जिन्यावर बसायची हे तिला माहीतच नव्हतं. वर आली तेव्हा बेकन कुरकुरीत झालं होतं. ते तिनं काढून घेतलं. मिरेयनं मोठ्या लाकडी वाडग्यात पानं हातानं तोडून घातली, वर सफरचंदाच्या नि पेअरच्या फोडी रचल्या, सुकवलेल्या क्रॅनबेरी आणि अक्रोड भुरभुरले. ओडीलनं चीजचे ओबडधोबड तुकडे केले. दोघींचे हात एकमेकींना न विचारता चालत होते.

पुरुष आत आले. ड्वाइटच्या पोटात सहा-सात बिअर गेल्या असाव्यात. टेबलाशी बसत त्यानं वाडग्यात डोकावलं.

"हे काय, ओडील? सकाळभर झाडावर चढवलंस आणि आता गवत घालतेस? मी काय तुझी गाय आहे?"

"गाय कसली," ल्युसियाँ खुर्ची ओढत म्हणाला, "गाय निदान दूध देते."

मिरेय हसली. मनापासून, खळखळून हसली. ते हसू तिच्या तोंडून अवचित निसटलं, आणि निसटलं तसं तिचं तिलाच कळलं. तिनं ओठ मिटले. पण ड्वाइटनं मान वळवली होती.

"हसतेस?" त्यानं अगदी शांतपणे विचारलं. "म्हाताऱ्यानं मला बैल केलं आणि तू दात काढतेस?"

"नाही रे, मी सहज..."

त्यानं तिचे केस मुठीत धरले आणि तिचं तोंड टेबलाच्या कडेवर आपटलं. एकदा. लाकूड फुटल्यासारखा आवाज झाला. दात टेबलावर पडला. त्यानं डोकं वर ओढलं आणि पुन्हा आपटलं. ल्युसियाँ उठून त्याच्या हाताला लोंबकळला, तर ड्वाइटनं कोपरानं त्याला असं झुगारलं की म्हातारा पाठीमागच्या कपाटावर आदळला आणि वरच्या बरण्या त्याच्या अंगावर फुटल्या. मिरेयच्या नाकातलं रक्त सफरचंदाच्या फोडींवर सांडत होतं. तिच्या तोंडून आवाज निघत नव्हता. मार खाताना आवाज करायचा नाही, हे ती आईकडूनच शिकली होती.

ओडील शेगडीपाशी उभी होती. चरबीवर पहिला धूर तरंगायला लागला होता. उजव्या हातात सिरक्याची बाटली होती. ती तिनं खाली ठेवली, नीट, सांडणार नाही अशी. मग फडक्यानं तव्याचा दांडा धरला, दोन पावलं पुढे गेली, हाक मारली, "ड्वाइट," आणि त्यानं मान वर केली तशी तव्यातली चरबी त्याच्या तोंडावर फेकली.

जी किंकाळी उठली ती शेजारच्या मळ्यावर ऐकू गेली. ड्वाइट दोन्ही हातांनी तोंड ओरबाडत उठला, हाताला लागेल ते फेकत, आंधळ्यासारखा तिच्यावर चालून आला. खुर्ची फिरवली, ती तिच्या बरगडीवर बसली. दोन बरगड्या मोडल्या. ओडील भिंतीला टेकली, पण तवा सुटला नाही. तो पुन्हा आला तेव्हा तिनं तो रिकामा, तापलेला तवा त्याच्या कानशिलावर हाणला. तो गुडघ्यावर आला. तिनं पुन्हा हाणला. तो आडवा झाला, हलेना. तिनं तिसऱ्यांदा हात उचलला होता, तेव्हा मिरेयनं तिच्या मनगटाला मिठी मारली आणि रक्तानं भरलेल्या तोंडानं ओरडली, "मरेल तो! ममां, सोड! माझा नवरा आहे तो!"

ओडीलनं तवा खाली टाकला. तिचा तळहात फडक्यातूनही भाजला होता, ते तिला खूप उशिरा कळलं. मिरेय ड्वाइटवर ओणवी होऊन त्याच्या तोंडावर गार पाणी ओतत होती. आईकडे तिनं वळूनही पाहिलं नाही.

ॲम्ब्युलन्स ड्वाइटला आणि मिरेयला घेऊन गेली. शेरिफचा माणूस ट्रास्क आला. तो याच गावातला, ओडीलच्या हातचा ॲपल-पाय खाऊन मोठा झालेला. त्यानं स्वयंपाकघर पाहिलं, ल्युसियाँची फुटलेली भुवई पाहिली, टेबलावरचा दात पाहिला आणि टोपी काढून बसला.

"मिसेस गाबुरी, झटापटीत तवा हातातून निसटला आणि चरबी उडाली. असंच झालं ना?"

"निसटला नाही. चरबी फेकली."

ट्रास्कनं पेन खाली ठेवलं. "मी परत विचारतो. नीट विचार करून सांगा. दांडा तापलेला असणार, तुमचा हात सटकला..."

"तुझ्या कानात मळ झालाय का रे? हाक मारून, त्यानं तोंड वर केल्यावर फेकली."

"ओडील," कपाटापाशी बसलेला ल्युसियाँ कळवळून म्हणाला, "देवासाठी एकदा तरी खोटं बोल!"

"बत्तीस वर्षं बोलले," ओडील म्हणाली. "जिन्यावरून पडले, गाईनं लाथ मारली, बर्फात घसरले. आता जीभ वळत नाही."

वकिलानं तिला पढवून पढवून सांगितलं की कोर्टात एवढंच म्हणा: मुलीचा जीव वाचवण्यासाठी केलं. ती कबूल झाली. आणि न्यायाधीशांनी विचारलं, की माणूस गुडघ्यावर आल्यावर आणखी मारायची काय गरज होती, तेव्हा ती म्हणाली, "चरबी फेकली ती पोरीसाठी. पहिला तडाखा मारला तो माझ्यावर चालून आला म्हणून. दुसरा मारताना मला बरं वाटलं. तो ड्वाइटला नव्हता. ज्याला होता तो सहा वर्षांपूर्वी मेला." वकिलानं कपाळाला हात लावला. तिला अठरा महिन्यांची शिक्षा झाली. ड्वाइटचा डावा डोळा गेला होता, त्या बाजूचा कान वितळून चिकटला होता. मिरेय कोर्टात त्याच्या बाजूला बसली होती, नव्या दातासकट. साक्ष देताना तिनं सांगितलं की ती पाय घसरून टेबलावर पडली.

तुरुंगात बायकांनी ओडीलचं नाव 'तवेवाली' ठेवलं. रोज जेवणानंतर कुणी ना कुणी म्हणायचं, "सांग ना गं, कसा ओरडला?" आणि सगळ्या हसायला तयार बसायच्या. तिनं कधीच सांगितलं नाही. एकदा एक दांडगी पोरगी हट्टालाच पेटली, तिच्या ताटात थुंकली, वेणी धरून ओढली. ओडीलनं तिच्याकडे नुसतं पाहिलं. ती पोरगी पुढे म्हणायची की म्हातारीनं हात उचलला असता तर बरं झालं असतं, ती नजर नको होती. खरं म्हणजे ओडील तेव्हा भ्यायलेली होती. आपल्या हातात काय आहे हे तिला आता माहीत झालं होतं. रात्री डोळा लागला की त्या भाजलेल्या चामडीचा वास यायचा, आणि त्याच्या मागोमाग त्या दुसऱ्या तडाख्याचं सुखही यायचं. तिला त्या सुखाचीच जास्त भीती वाटायची.

फेब्रुवारीत ल्युसियाँ भेटायला आला. काचेपलीकडे बसून म्हणाला, "मिरेय माझ्याकडे आहे."

एका डोळ्याच्या ड्वाइटनं कुऱ्हाडीच्या दांड्यानं तिचा जबडा मोडला होता. ती पायमोज्यांवर, बर्फातून, दोन मैल चालत मामाच्या दारात आली. तासाभरानं ड्वाइटचा ट्रक आला. ल्युसियाँनं हरणं मारायची बंदूक काढली आणि समोरच्या काचेतून, शेजारच्या रिकाम्या सीटमध्ये गोळी घातली. काचेच्या चुऱ्यानं ड्वाइटचं तोंड पुन्हा रक्तबंबाळ झालं.

"मी ओरडून सांगितलं त्याला," ल्युसियाँ म्हणाला, "मला नीट दिसत नाही, पुढची गोळी कुठे जाईल सांगता येत नाही. गेला. मेनला आईकडे गेला म्हणतात."

"तिचं तोंड?"

"तारेनं बांधलंय. नळीतून सूप पिते."

ओडीलनं कपाळ काचेला टेकवलं आणि अटक झाल्यापासून पहिल्यांदा रडली.

ती पुढच्या सप्टेंबरात सुटली, वेळेच्या सात महिने आधी. मिरेय तिच्या घरात राहायला आली होती, गाई सांभाळत होती. दोघी दारात समोरासमोर उभ्या राहिल्या. मिरेयचा जबडा किंचित वाकडा जुळला होता.

"मी तुला माफ केलेलं नाही," मिरेय म्हणाली. "तो रात्रीचा वेदनेनं लहान पोरासारखा रडायचा. पट्ट्या मी बदलायचे."

"माफी मागितलीय कुणी?"

"आणि तू सात वर्षं आधी का नाही आलीस? तेव्हा आली असतीस तर तव्याची गरजच नव्हती. नुसती आली असतीस."

"ते मात्र खरं," ओडील म्हणाली. "त्याची माफी मागते."

मिरेय बाजूला झाली आणि आई आत आली. त्या एका घरात राहिल्या, भांडल्या, गाईंच्या धारा काढल्या, चीज मुरवलं. सॅलड आता मिरेय करायची, तेलाचं, थंड ड्रेसिंग घालून. चर्चच्या जेवणाला तो वाडगा गेला की काहीजण दोनदा वाढून घ्यायचे आणि काहीजण त्या टेबलाकडे फिरकायचेही नाहीत. ओडीलला दोन्हींचं काही वाटत नसे.

ब्याण्णव साली ड्वाइटचा ट्रक पुलाच्या कठड्यावर आदळला आणि तो जागीच गेला. निरोप त्याच्या आईनं, अल्मेडानं, मिरेयला कळवला. मिरेय म्हणाली, "मी जाणार." ओडीलनं वाद घातला नाही. "तुझ्या गाडीचे टायर गुळगुळीत झालेत," म्हणाली, "मी सोडते." पाच तास तिनं ट्रक चालवला, मेनच्या किनाऱ्याजवळच्या त्या गावापर्यंत. दफन झालं तेव्हा ओडील दफनभूमीबाहेर ट्रकमध्येच बसून राहिली. मग लोक अल्मेडाच्या घरी जमले, तेव्हा घराबाहेर बसून राहिली.

थोड्या वेळानं मिरेय बाहेर आली आणि तिनं काच ठोठावली. "त्याची आई तुला आत बोलावतेय."

"कशाला?"

"ते मला काय माहीत? म्हणाली, बाहेर कोण बसलंय ते मला ठाऊक आहे, तिला आत आण."

ओडील उतरली. स्वयंपाकघरात अल्मेडा कॉर्लिस उभी होती, ऐंशीच्या घरातली, काळ्या कपड्यांतली, ओडीलच्या खांद्याला लागेल एवढीशी बाई. जमलेली माणसं बाजूला सरली. अल्मेडा चालत तिच्यासमोर आली, मान वर करून तिच्याकडे पाहिलं आणि उजवा हात मागे नेऊन सगळ्या ताकदीनिशी तिच्या थोबाडीत ठेवून दिली. ओडीलच्या कानात शिट्टी वाजली. तिचा हात हलला नाही. तो आपोआप वर येईल की काय अशी धास्ती तिला वाटली होती, पण तो बाजूला लोंबत राहिला.

"हे त्याच्या डोळ्यासाठी," अल्मेडा म्हणाली. "मी त्याची आई आहे. कुणीतरी तुला एक ठेवून द्यायलाच हवी होती."

"हो," ओडील म्हणाली.

अल्मेडानं दुखरा हात दुसऱ्या हातानं चोळला. मग तिनं टेबलाखालची खुर्ची ओढून काढली.

"पाच तास आलीस गाडी चालवत. बस. कॉफीत दूध घेतेस का?"

"घेते," ओडील म्हणाली आणि बसली.